डोक्याची गोळी

खपल्या पडल्या की नागीण बरी झाली, असं आपल्याकडे धरतात. माझीही धरली गेली. उजव्या बगलेखालून पुढे छातीपर्यंत उठलेले फोड सुकले, खपल्या गळाल्या, मागे काळपट डाग उरले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं की माणूस दगावतो, ही त्यांची लहानपणापासूनची धास्ती. ते भिडलं नाही, सून वाचली. खरं तर ते सहसा भिडतच नाही. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. तो पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून बसतो आणि वय वाढलं, प्रतिकारशक्ती ढिली पडली की एखाद्या नसेच्या वाटेने कातडीवर येतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूची, म्हणून फोडांची रांग छातीच्या मध्यावर येऊन थांबते. पण 85 वर्षांच्या बाईने आनंदाने हातावर ठेवलेली साखर खाताना हे सांगत बसण्यात काय अर्थ?

डाग फिके होत गेले आणि त्यांच्याखालची आग वाढत गेली. या दुखण्याची तऱ्हाच विचित्र. कुणी जोरात दाबून धरलं तर चालायचं, उलट बरंच वाटायचं. हलका स्पर्श मात्र सोसायचा नाही. पदराची कड घासली, ब्लाउजची शिवण टेकली, एवढंच काय पंख्याचा वारा लागला तरी जिवंत निखारा ओढल्यासारखी सणक जायची. मग मी एक युक्ती काढली. सासऱ्यांचं जुनं, धुऊन धुऊन साईसारखं मऊ झालेलं धोतर ट्रंकेत होतं. ते फाडून त्याची रुंद पट्टी केली आणि छातीभोवती घट्ट गुंडाळून वर ब्लाउज घालायला लागले. दिवस त्यावर निघायचा. स्वयंपाक असतो, येणारं-जाणारं असतं, शाळेतून निवृत्त झाले तरी दोन-चार मुलं गणितासाठी घरी येतात. रात्री मात्र दुखणं आणि मी, दोघीच. डाव्या कुशीवर पडून राहायचं, कूस बदलायची नाही, आणि पहाटेच्या पहिल्या एसटीचा आवाज येईपर्यंत छताकडे बघायचं.

विषाणूला मारणाऱ्या गोळ्या अंगावर फोड आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू करायच्या असतात. त्या मी वेळेत घेतल्या होत्या. गेरूचा लेप लावत बसले नव्हते. तरीही काहींच्या वाट्याला हे मागे उरतंच, आणि वय जितकं जास्त तितकं ते उरण्याची शक्यता जास्त. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांनी त्याला फारसा फरक पडत नाही. त्या गोळ्या सूज उतरवतात. इथे सूज नसते, नसच बिघडलेली असते. कातडीवर काही घडत नसताना ती मेंदूला ‘भाजलं, भाजलं’ असा निरोप पाठवत राहते.

गावातल्या एका डॉक्टरांनी माझी फाईल चाळली आणि म्हणाले, ‘बाई, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. मनावर घेऊ नका. कुठेतरी मन रमवा.’ रिपोर्ट नॉर्मल येणारच होते. बिघडलेली नस रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, एक्स-रेमध्येही नाही. पण दुखणाऱ्याला ते वाक्य कसं लागतं, ते सांगणाऱ्याला कळत नसावं. त्यातून दुखणारी बाई असेल, पन्नाशी ओलांडलेली असेल, तर तिच्या दुखण्याचा पत्ता फार लवकर ‘मन’ असा लिहिला जातो. मी 30 वर्षं वर्गात पोरांच्या खोट्या पोटदुख्या ओळखल्या आहेत. माझी खोटी नव्हती.

आम्हा सांगलीकरांचं दुखणं हाताबाहेर गेलं की वाट मिरजेची. तिथे एका वेदना उपचार केंद्रात गेले. अशी केंद्रं आपल्याकडे बहुतेक वेळा भूलतज्ज्ञ चालवतात, हेही मला तोवर माहीत नव्हतं. शस्त्रक्रियेपुरती झोपवणारी माणसं एवढीच त्यांची माझ्या लेखी ओळख. त्या डॉक्टरबाईंनी कापसाचा बोळा घेतला आणि पाठीपासून छातीपर्यंत अलगद फिरवला. जिथे मी दचकले तिथे पेनाने खूण केली. खुणा जोडल्या तर नसेचा नकाशाच अंगावर उमटला. मग त्यांनी हृदयाचा आलेख काढून घेतला, काचबिंदू आहे का, लघवीला अडतं का, दुसरी कोणती औषधं चालू आहेत, असं सगळं विचारलं आणि अॅमिट्रिप्टिलिन लिहून दिली. 10 मिलिग्रॅम, रात्री एक. लिहितानाच म्हणाल्या, ‘गोळ्यांची पट्टी घरी नेल्यावर कुणीतरी मोबाईलवर नाव घालून बघेल आणि म्हणेल, ही डिप्रेशनची गोळी आहे. खरंच आहे. पण तुम्हाला ती डिप्रेशनसाठी देत नाहीये. डिप्रेशनला 75 ते 150 मिलिग्रॅम लागतात. मी 10 देतेय, नसेच्या दुखण्यासाठी आणि झोपेसाठी.’

झालं तसंच. नणंद आली होती. तिने पट्टी उलटीसुलटी केली, मोबाईलवर बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘वहिनी, तुम्हाला कसलं हो डिप्रेशन?’ सासूबाईंनी त्यातलं एवढंच उचललं की सुनेला डोक्याची गोळी लागली. ह्यांना काळजी वेगळी: ‘सवय लागेल त्याची.’ एका संध्याकाळी तिघांनी मिळून मला नैराश्य, वेड आणि व्यसन, तिन्हींच्या यादीत बसवून टाकलं.

मला राग आला नाही, कारण माझ्याकडे उत्तर तयार होतं. ज्यांना ते कुणी देत नाही त्यांचं काय होतं, ते मी बघितलंय. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या एक बाई, मधुमेहाने त्यांचे तळपाय रात्रभर पेटतात. त्यांनाही हीच गोळी मिळाली होती, पण बाकीच्या चार गोळ्यांसोबत, एका शब्दाविना. मुलाने नाव वाचून दाखवलं. बाईंचा समज झाला की डॉक्टरांना आपलं दुखणं खोटं वाटतंय आणि आपल्याला गप्प करायला वेड्याचं औषध दिलंय. पट्टी फोडलीसुद्धा नाही. किती वर्षं आपल्या दुखण्यावर कुणीतरी विश्वास ठेवावा म्हणून माणूस दारोदार फिरतो, आणि शेवटी हातात पडते ती अशा नावाची गोळी. तो अपमान मला समजतो. पण तो अपमान नावाचा आहे, गोळीचा नाही, आणि हे नाव कसं पडलं ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

स्वित्झर्लंडमध्ये बोडेन सरोवराच्या काठी म्युन्स्टरलिंगेन नावाच्या गावी मनोरुग्णालय आहे. तिथे रोलंड कून नावाचे डॉक्टर होते. 1950 नंतरच्या दशकात गायगी कंपनीने त्यांच्याकडे एक नवं रसायन पाठवलं. त्याला धड नावही नव्हतं, नुसता क्रमांक होता. ते स्किझोफ्रेनियावर चालेल अशी अपेक्षा होती. तिथे ते चाललं नाही. मग खोल नैराश्यातल्या रुग्णांना देऊन पाहिलं, तर काही आठवड्यांत ते बोलू-फिरू लागले. 1957 साली कून यांनी हे प्रसिद्ध केलं. ते रसायन म्हणजे इमिप्रामिन. अॅमिट्रिप्टिलिन तिचीच धाकटी बहीण, अमेरिकेत ती 1961 साली बाजारात आली. म्हणजे ज्या आजारासाठी औषध आजमावलं तो वेगळा, आणि ज्याला लागू पडलं तो वेगळा. जो आजार आधी सापडला त्याचं लेबल बाटलीवर चिकटलं.

दुखणाऱ्या रुग्णांनाही या गोळ्यांनी बरं वाटतं, हे डॉक्टरांच्या लवकरच लक्षात आलं. पण तेव्हाही शंका तीच, आमच्या नणंदेची: मन हलकं होतं म्हणून दुखणं कमी वाटत असेल. कॅनडातल्या पीटर वॉटसन यांनी 1982 मध्ये नेमकी माझ्यासारखीच माणसं घेतली, नागीण जाऊन आग मागे उरलेली. 24 जण. त्यांतल्या 16 जणांना अॅमिट्रिप्टिलिनने चांगला आराम पडला, आणि बहुतेकांच्या नैराश्याच्या मोजमापात काही बदल नव्हता. पुढे 1987 मध्ये अमेरिकेत मिचेल मॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाने नसा दुखणाऱ्यांवर हेच तपासलं. मन खिन्न असलेल्यांना जसा गुण आला तसाच मन ठीक असलेल्यांनाही आला. ही दोन कामं चाळीस वर्षांपूर्वीची. तरी आजही एखाद्या पेशंटला चिठ्ठी लिहिताना हे वाक्यभर सांगायला डॉक्टरांना सवड होत नाही.

गोळी करते काय, हे मला डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. नसांचे निरोप खालून वर मेंदूकडे जातात हे आपण शाळेत शिकवतो. मेंदूकडूनही खाली मज्जारज्जूत तारा येतात आणि त्या वर जाणारे निरोप अडवतात, दाबतात, हे आमच्या पुस्तकात नव्हतं. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी 1965 साली मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे, आणि ते उघडायचं की लोटायचं यात मेंदूचाही हात असतो. लग्नघरातल्या गडबडीत विळीवर कापलेलं बोट हात धुताना चुरचुरतं तेव्हा लक्षात येतं, ते यामुळेच. खाली येणाऱ्या या तारा सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिन ही रसायनं सोडतात. मनःस्थितीशीही त्याच रसायनांचा संबंध. अॅमिट्रिप्टिलिन ती लवकर शोषली जाऊ देत नाही, त्यामुळे फाटक जरा जास्त वेळ लोटलेलं राहतं. शिवाय बिघडलेल्या नसेचा चेवही ती थोडा उतरवते.

झोपेचा भाग निराळा. ती येते हिस्टामिन अडवल्यामुळे. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी पेंग येते तीच ही. त्याला मात्रा अगदी कमी पुरते. याच घराण्यातली डॉक्सेपिन नावाची गोळी झोपेसाठी 3 आणि 6 मिलिग्रॅम इतक्या चिमूटभर मात्रेत वापरायला अमेरिकेने 2010 मध्ये परवानगी दिली. आणि झोप ही दुखण्याच्या बाबतीत चैनीची गोष्ट नाही. टोरांटोच्या हार्वे मोल्डोफ्स्की यांनी 1975 मध्ये धडधाकट माणसांना रात्री आवाज करून गाढ झोपेतून पुन्हा पुन्हा वर काढलं, पूर्ण जागं न करता. सकाळी त्यांचं अंग ठणकत होतं, दाबलं तर दुखत होतं. काही आजार नसलेल्या माणसांचं! मग ज्याला मुळातच दुखणं आहे त्याच्या अशा रात्री महिनोन्‌महिने जात असतील तर काय होत असेल? दुखतं म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून जास्त दुखतं. हे रहाटगाडगं कुठेतरी थांबवायला लागतं, आणि माझ्या मते या गोळीची खरी करामत तीच.

आता दुसरी बाजू. पहिल्या रात्री मी मेल्यासारखी झोपले आणि सकाळी चहाचं आधण ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिले. डोक्यात धुकं. डॉक्टरबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, झोपताना घेऊ नका, आठ वाजता जेवणाच्या सुमाराला घ्या. तेवढ्याने सकाळ सुटली. तोंडाला कोरड मात्र कायमची. उशाशी तांब्या असतो, पर्समध्ये आवळा सुपारी. वर्ग घेत असते तर पंचाईत झाली असती, सलग चार वाक्यं बोलले की जीभ टाळूला चिकटते. पोट साफ होण्यासाठी इसबगोल आली. झटकन उठून उभं राहिलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून आधी पलंगाच्या कडेला बसायचं. वजनही वाढलं, ते मी नणंदेला सांगत नाही. आणि झोप पहिल्याच रात्री आली तरी आगीवर फरक दिसायला काही आठवडे गेले. बरेच जण त्या आधीच ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात.

फरक म्हणजे तरी किती? दुखणं गेलेलं नाही. घराशेजारी पिठाची गिरणी असावी तसं ते चालू असतं. दळण थांबलेलं नसतं, पण मी मधली खिडकी लावून घेतलीय आणि आतल्या खोलीत माझं काम चालतं. धोतराची पट्टी आता फक्त प्रवासात लागते. रात्री कूस बदलता येते. ज्याला हे किरकोळ वाटेल त्याने एक महिना एकाच कुशीवर झोपून पाहावं.

सगळ्यांना एवढंही मिळत नाही. 2015 मध्ये नसेच्या दुखण्यावरच्या औषधांचा मोठा आढावा लॅन्सेट न्यूरॉलॉजी या नियतकालिकात आला. त्यातला हिशेब असा की या घराण्यातल्या गोळ्या चार जणांना दिल्या तर नुसत्या साखरेच्या गोळीने साधलं असतं त्यापलीकडे साधारण एकाचं दुखणं निम्म्यावर येतं. 2023 मध्ये कॉक्रेन संस्थेने जुनाट दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या नैराश्याच्या औषधांचे 176 अभ्यास तपासले. त्यात बऱ्यापैकी भरवशाचा पुरावा सापडला तो ड्युलोक्सेटिन या नंतरच्या गोळीचा. अॅमिट्रिप्टिलिनचे अभ्यास लहान, थोड्या दिवसांचे, त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही असा त्यांचा निष्कर्ष. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या एका चाचणीत मात्र आतड्याच्या जुनाट तक्रारीवर, ज्याला आपण आता आयबीएस म्हणतो, 10 ते 30 मिलिग्रॅममध्ये तिचा उपयोग स्पष्ट दिसला. इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेने 2021 साली दिलेला सल्ला तर आणखी बोलका आहे: ज्या जुनाट दुखण्याचं मूळ सापडत नाही त्यात पॅरासिटामॉल, ब्रुफेनसारख्या गोळ्या आणि अफूवर्गातली औषधं सुरू करू नका, व्यायाम, समुपदेशन यांच्या जोडीला औषध द्यायचंच तर नैराश्यावरच्या गोळ्यांचा विचार करा. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. डाइक्लोफिनॅक किराणा मालासारखी आणतात, मूत्रपिंडं झिजवतात, त्याची कुणाला लाज वाटत नाही. आणि 10 मिलिग्रॅमची ही गोळी, टपरीवरच्या एका कपाहून स्वस्त, ती मात्र लपवून घ्यायची.

घरोघरी आजोबा रोज 75 मिलिग्रॅमची अॅस्पिरिन घेतात. मूळची ती ताप-डोकेदुखीची गोळी. आजोबांना कुणी विचारतं का, ‘रोज डोकं दुखतं का हो तुमचं?’ सगळ्यांना माहीत असतं, ती रक्त पातळ राहण्यासाठी आहे. मात्रा कमी, काम वेगळं. अगदी एवढंच समजून घ्यायचं आहे. ह्यांना मी हेच सांगितलं, तेव्हा त्यांना पटलं. सवयीच्या धास्तीचंही उत्तर विचारून ठेवलं होतं: दारूसारखी तल्लफ या गोळीची लागत नाही, मात्रा आपोआप वाढवत न्यावी लागत नाही, फक्त मध्येच एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवायची.

आणि समजा, या सगळ्या भानगडीत मला नैराश्यही आलेलं असतं तर? वर्षभर रात्र-रात्र जळत पडलेल्या माणसाला ते यायचं नाही तर कुणाला येणार? मग 10 ऐवजी मात्रा वाढली असती, कदाचित गोळी बदलली असती, मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं लागलं असतं. त्यातही लपवण्यासारखं काय आहे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. ‘मला डिप्रेशन नाही हो, ही दुसऱ्यासाठी आहे’ असं मी सुरुवातीला घाईघाईने सांगायची. आता नुसतं ‘हो, घेते’ म्हणते.

सध्या माझी मात्रा 20 मिलिग्रॅम आहे. पासष्टीनंतर ही गोळी तोल जाणं, पडणं, गोंधळायला होणं यामुळे शक्यतो टाळतात, तेव्हा पुढे कधीतरी ती उतरवायची किंवा बदलायची, असं डॉक्टरबाईंशी बोलणं झालंय. तोवर वाचणाऱ्यांना चार गोष्टी सांगते. नागिणीची लस आता आपल्याकडेही मिळते, 50 च्या पुढच्यांसाठी, दोन डोस. महाग आहे, पण डॉक्टरांना विचारून ठेवा. फोड दिसले की गेरूच्या आधी दवाखाना. ही गोळी लिहून मिळाली तर हृदयाचा त्रास, काचबिंदू, प्रोस्टेट आणि चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांच्या कानावर घाला, विशेषतः दुखण्यावरची ट्रॅमाडॉल. जास्त प्रमाणात पोटात गेली तर ती जीवघेणी आहे, म्हणून नातवंडांच्या हाती लागणार नाही अशा जागी, आणि घरात कुणी जिवाला कंटाळलेलं असेल तर कुलपात ठेवा. आणि मला गुण आला म्हणून माझ्या पट्टीतल्या दोन मागायला येऊ नका. शेजारच्या काकू येऊन गेल्या, त्यांनाही मी दिल्या नाहीत. मिरजेचा पत्ता दिला.